बांधावरच्या देवासाठी पास

कामठा, जि. गोंदिया
२८ ऑक्टोबर २०१२

चि. धनेंद्र यास,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते फोडणार नाहीस, म्हणून पत्ता पोस्टमनकडून लिहून घेतला आहे. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. फोन तू उचलत नाहीस. नागपूरला येऊन हिंगण्याच्या गल्ल्यांत तुझं घर शोधावं इतके माझे गुडघे धड राहिलेले नाहीत. आणि हे पत्र तुझ्या भावाला माहीत नाही. तुझं नाव निघालं की आमचे हे उठून गोठ्यात जातात. गोठ्यात आता एकच गाय आहे. हा माणूस दिवसातून इतक्या वेळा कशाला येतो, हे तिलाही कळेनासं झालं आहे.

भांडायला लिहीत नाही. तीन वर्षांपूर्वी दारात मी तुला दोन शब्द बोलले असेन. ते राहू दे. काम वेगळं आहे.

तुझे भाऊ नवा तांदूळ खात नाहीत.

कामठ्यात राहून, स्वतः धान पिकवून, माणूस नव्या तांदळाला हात लावत नाही. मला आधी वाटलं पोट बिघडलं असेल. पण आता तिसरं वर्ष आहे. आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे. नव्याचा भात आधी रस्त्याकडच्या धानाच्या शेतातल्या, त्या बांधीवरच्या देवाला जायचा. तुझे बाबा, आमचे मामाजी, असताना ते जायचे, त्यांच्यामागे हे. दगड पाण्याने धुवायचा, पळसाच्या पानावर मूठभर भात ठेवायचा, वर गुळाचा खडा. देवाला पोचल्याशिवाय घरात कोणी नव्याचा घास घ्यायचा नाही. मग ती बांधी तू विकलीस. कुंपण पडलं, आत मौजनगरी थीम पार्क उभं राहिलं, आणि देव गेटाच्या आत गेला.

पहिलं वर्ष यांनी कोठीतल्या जुन्या तांदळावर काढलं. दुसऱ्या वर्षी मी माहेराहून जुना तांदूळ आणला. तोही सरला. दुकानातला जुना यांना चालत नाही. म्हणतात, तो जुना आहे हे कोणी पाहिलं? दोन महिने झाले, पोळीवर आहेत. जन्मभर सकाळ-संध्याकाळ भात खाल्लेला माणूस, चार पोळ्या खाऊनही ताटावरून उपाशी उठल्यासारखा उठतो. सदरा अंगावर लोंबायला लागला आहे. परवा मी मागून पाहिलं तर मला वाटलं मामाजीच चालले आहेत.

मी म्हटलं, "तिकीट काढून जाऊ ना आत. देवाले देऊन येऊ."

तर म्हणतात, "बापाच्या बांधीत पाय ठेवाले तिकीट काढू? मरून जाईन, पन काढनार नाही."

आता ऐक. माझ्या अंगणवाडीत आहाराचं सामान घेऊन गाडी येते, तिच्या ड्रायव्हरने मौजनगरीचं पत्रक आणलं होतं. वर्षभराचा पास! एकट्याचा अकराशे, नवरा-बायकोचा मिळून दोन हजार. माझ्या डोक्यात आलं की तिकीट वेगळं आणि पास वेगळा. तिकीट पाहुणा काढतो. सालेकसाचे मास्तर रेल्वेचा पास काढून रोज गोंदियाला येतात, त्यांना गोंदियात कोणी पाहुणा म्हणत नाही. यांच्या हातात पास ठेवला तर बापाच्या जागेत तिकीट काढून गेलो असं यांना वाटणार नाही.

रोजचं तिकीट अडीचशे. देवाचे दिवस पाच: आषाढातली अखाडी, पोळा, नवं, दिवाळी आणि शिमगा. दोघांचे पाच वेळचे अडीच हजार होतात, म्हणजे पास परवडतो. अंगणवाडीच्या बायांना सरकारकडून भाऊबीजेचे पैसे येतील, त्यात थोडे घालीन. तरी दोन हजार म्हणजे माझ्यासाठी चेष्टा नाही. तू शहरात असतोस, असल्या जागा पाहिल्या असशील. एवढं सांग, काढू की नको?

तुझी वहिनी
फुलवंता


कामठा
६ नोव्हेंबर

धनेंद्र,

तुझं उत्तर नाही. सोनिकाचा मात्र मोबाईलवर निरोप आला: "पत्र मिळालं. त्यांनी वाचलं." बायको शहाणी मिळाली आहे तुला.

काल मी मौजनगरीच्या गेटापर्यंत जाऊन आले आणि अजून डोकं ठिकाणावर नाही. जिथे आपण धान कापून रचून ठेवायचो तिथे एक हिरवा राक्षस उभा आहे. आपल्या घराहून उंच. तोंडातून पोरं आत शिरतात आणि शेपटीकडून पाण्यात पडतात. आणि त्यांच्या आया खाली उभ्या राहून टाळ्या वाजवतात! मी तर डोळेच मिटले.

उघडले तेव्हा समोर कोण असावं? आपल्या गल्लीतली निर्मलाबाई. छत्तीस वर्षांत जिच्या डोक्यावरचा पदर ढळलेला मी पाहिला नाही, ती गेटाच्या पलीकडे गुडघ्यापर्यंतची निळी चड्डी घालून केस पिळत होती. मला वाटलं हिला काहीतरी झालं.

"अशी कायले पाहून राहिली, फुलवंता? लुगड्यात पाण्यात जाऊ देत नाही. हे वीस रुपयात भाड्यानं भेटते."

"कोनी पाहिलं म्हणजे?"

"तूच तं पाहून राहिली," असं म्हणून ती परत पाण्याकडे गेली. सोबत तिच्या सुना होत्या, त्याही तशाच.

खिडकीतल्या पोराला मी पासाचं विचारलं. तो म्हणाला, "ले लो मैडम, सालभर आओ, जितना मर्जी आओ." मी अंगणवाडीवाली. कागद उलटून पाहिल्याशिवाय सही करत नाही. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलं होतं: रविवार, सरकारी सुट्ट्या आणि सणांचे दिवस सोडून. माझा विश्वासच बसेना. मी म्हटलं, पोळ्याला चालेल का? नहीं मैडम. दिवाळी? नहीं. होळी? नहीं, उस दिन तो रेन डान्स रहता है. अखाडी? "वो क्या होता है?" त्याच्या यादीत अखाडी नव्हती, म्हणून ती चालेल. नव्याचा दिवस आपण ठरवू तो, म्हणून तोही चालेल. म्हणजे देवाच्या पाच दिवसांपैकी पासात दोनच बसतात. दोन दिवसांसाठी दोघांचं तिकीट हजारात होतं आणि पासाचे द्यायचे दोन हजार. सगळा हिशेब उलटा झाला.

वर आणखी, बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही. मी म्हटलं, माणसांसाठी नाही, देवासाठी आहे. तो म्हणाला, "कैंटीन में सब मिलता है." आता देवाला मी समोसा देऊ का, सांग.

तर हा पास काढणं शुद्ध वेडेपणा आहे, हे मला कळलं आहे. पण रात्री यांच्या ताटात मी पोळी वाढली आणि यांनी ती मोडून कितीतरी वेळ नुसती हातात धरली. मी सहज बोलून गेले, "मौजनगरीत वर्षाचा पास भेटते म्हणते." तर यांच्या हातातला तुकडा ताटात पडला.

"कोनं सांगितलं तुले पासाचं?"

इतकं दचकायला काय झालं होतं, मला समजलं नाही. चोर पकडल्यासारखं तोंड झालं होतं. मी पत्रक दाखवलं तेव्हा कुठे यांनी श्वास सोडला, आणि मग नेहमीसारखे गोठ्यात गेले.

फुलवंता


कामठा
१८ नोव्हेंबर

धनेंद्र,

काल आपला देव बोलला. तोही हिंदीत. घाईत लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर सोनिकाकडून वाचून घे.

दिवाळी झाली, विहिरीजवळच्या बांधीतला लवकर येणारा हलका धान निघाला, भरडून आणला. मी ठरवलं की हे येत नाहीत तर न येवोत. मी एकटी तिकीट काढून जाते, देवाला नवं देते आणि प्रसाद आणून यांच्या पुढे ठेवते. मग तरी खातील. यांना सांगितलं, पर्यवेक्षिकाबाईंची मीटिंग आहे.

गेटावर पहारेकऱ्याने डबा काढून घेतला, परत जाताना ले जाना म्हणाला. पण मूठभर भात मी आधीच रुमालात बांधून पदराखाली कंबरेला खोचला होता. पळसाचं पान पाहून तो म्हणाला, "ये पत्ता किसलिए?" मी म्हटलं, "दवाई है." जाऊ दिलं.

आत गेल्यावर मला आपली बांधीच ओळखू येईना. पाळण्याच्या चाकावरून, पाण्याच्या नालीवरून अंदाज घेत घेत मी मोहाच्या झाडापाशी आले. ते झाड ठेवलं आहे त्यांनी. झाडाखाली हिरवळ आणि हिरवळीवर देव. मी जागेवर थबकले. किती स्वच्छ ठेवला होता! आपल्या वेळी त्याच्यावर शेवाळ असायचं. मला भरून आलं. म्हटलं, परके लोक आहेत, पण देवाची कदर केली. आजूबाजूला पोरं ओरडत होती, तरी मी बसले, बाटलीतल्या पाण्याने देवाला धुतलं, पान ठेवलं, भात ठेवला, हात जोडले आणि म्हटलं, "देवा, आमच्या घरच्या माणसाले जेवू दे."

आणि देव म्हणाला, "कृपया ध्यान दीजिए."

बाईच्या आवाजात. मग ढोल वाजायला लागले. धनेंद्र, मी तिथल्या तिथे बसकण मारली. एक क्षण मला खरंच वाटलं की गोंदियाच्या एवढ्या जवळ राहून देवालाही हिंदीची सवय झाली असेल.

तेवढ्यात मागून कोणीतरी माझा दंड धरून मला उठवलं. पाहते तर चैतराम. मामाजींच्या वेळी आपल्याकडे नांगर धरायचा तोच. आता टोपी आणि हिरवा शर्ट घालून तिथे झाडांना पाणी देतो.

"बाई, तो देव नोहोय. पिलास्टिकचा होय. आतमंधी भोंगा आहे."

"अन् आपला देव?"

"मोटारीच्या खोलीमागं. चला."

पंपाच्या खोलीमागे, पाइपांच्या ढिगाशेजारी आपला देव होता. शेवाळासकट. चैतराम रोज त्याच्यावर तांब्याभर पाणी घालतो म्हणे. ठेकेदार मुरमाबरोबर फेकून देणार होता, पण "साहेबानं कागद काढला अन् म्हणाला, याले हात नाही लावायचा, लिहून दिलं आहे." कोणता कागद आणि कोणी लिहून दिलं, हे विचारायचं भान मला नव्हतं. प्लास्टिकच्या पुढचा भात उचलून आणायची मला लाज वाटली. रुमालाला चिकटलेली शितं होती, ती मी आपल्या देवाला दिली आणि माफी मागितली.

गेटावरचा डबा घेऊन घरी आले आणि यांच्यापुढे ठेवला. सगळं खरं सांगितलं, भोंग्यासकट. मला वाटलं हसतील. यांनी डबा कपाळाला लावला.

"देवाले भेटलं ना? चांगलं झालं."

"मग घ्या आता घासभर."

"मले नको," म्हणाले, आणि तो भात गाईपुढे नेऊन टाकला.

आता काय म्हणावं या माणसाला? देवाला पोचलं, तरी हा खात नाही. रागाने माझ्या तोंडाला येईल ते मी बोलले. तूही ऐकलं आहेस माझं तोंड. त्या दिवशी तू पाणी प्यायचा थांबला होतास, ते मी विसरले आहे असं समजू नको. त्याचं नंतर लिहीन.

एकच उपाय दिसतो. यांना स्वतःच्या हाताने देवाला द्यायचं असेल. तिकीट हे काढणार नाहीत. म्हणून तोट्यात जाऊनही मी पास काढणार आहे, शुक्रवारी जाते.

फुलवंता


कामठा
२४ नोव्हेंबर

धनेंद्र,

मी काय लिहू? तूच सांग मला, काय लिहू?

काल दोन हजार रुपये रुमालात बांधून खिडकीशी गेले. नावं सांगितली. बिसनलाल टेंभरे, फुलवंता बिसनलाल टेंभरे, राहणार कामठा. पोराने कॉम्प्युटरमध्ये टाकलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"मैडम, इनका तो पास बना हुआ है. आजीवन."

मी म्हटलं, दुसरे कोणी टेंभरे असतील, कामठ्यात पंचवीस घरं आहेत. त्याने आतल्या साहेबांना बोलावलं. साहेब रायपूरचे, बोलायला सभ्य. त्यांनी मला खुर्ची दिली, कपाटातून फाइल काढली आणि म्हणाले, "आप लोग आए ही नहीं माताजी. दोनों भाइयों के पास डेढ़ साल से बनकर पड़े हैं. बस फोटो और दस्तखत बाकी है."

दोनों भाइयों के!

फाइलमध्ये रजिस्ट्रीची प्रत होती. लिहून देणार क्रमांक एक, बिसनलाल. क्रमांक दोन, धनेंद्र. दोघांचे फोटो शेजारी शेजारी, खाली अंगठे. फोटोत यांच्या अंगात तो आकाशी सदरा आहे ज्याचं वरचं बटण मी काळ्या दोऱ्याने लावलं होतं, कारण निळा दोरा सापडत नव्हता. काळा दोरा फोटोतही दिसतो आहे. तो सदरा घालून हे मला सांगून गेले होते की आपल्या पोरीच्या, रविताच्या, ॲडमिशनचं पाहायला गोंदियाला जातो.

मला आयुष्यभर सांगितलं गेलं की मामाजींनी रस्त्याची बांधी धाकट्याला दिली. गावातल्या दीडशे पोरांची वजनं मी रजिस्टरात लिहिते, आणि आपल्या शेताचा सातबारा कधी उघडून पाहिला नाही. दोघांचं नाव होतं त्यावर. दोघांनी विकली.

खाली अटी छापलेल्या आहेत. त्यांच्याखाली हाताने दोन ओळी घातल्या आहेत: बांधावरील देव आवारातून हलवू नये. दोन्ही भावांच्या परिवारास पूजेसाठी वर्षातील कोणत्याही दिवशी, सणाच्या दिवशीसुद्धा, विनामूल्य प्रवेश राहील. साहेब म्हणाले, "आपके देवर ने जुड़वाया. बोले, इसके बिना दस्तखत नहीं." लिहिलेलं तुझंच अक्षर आहे. मीच गिरवायला लावलं होतं तुला, पाटीवर. ओळखणार नाही का?

साहेबांनी पाणी दिलं. मी प्यायले नाही. झेरॉक्स मागितली, ती घेऊन बाहेर आले. समोरून माझी बस आली, थांबली, निघून गेली, आणि मी तिच्याकडे बघत उभी होते. मग पायी आले.

एक गोष्ट मीही लपवली होती, तुझ्यापासून नाही, स्वतःपासून. रविताचं रायपूरच्या नर्सिंग कॉलेजात नाव लागलं तेव्हा फीचे पैसे कुठून आले, हे मी यांना विचारलं नाही. "सोय झाली" म्हणाले, मी मान हलवली. अर्ध्या गावाला आडवे प्रश्न विचारणारी मी, तिथे एक प्रश्न विचारला नाही. मनात कुठेतरी भीती असणार की उत्तर मिळेल.

यांना अजून काही बोलले नाही. मला आज माझ्याच घरात परक्यासारखं वाटतं आहे.

फुलवंता


कामठा
२६ नोव्हेंबर

धनेंद्र,

काल दुपारी यांच्या ताटाशेजारी मी झेरॉक्स ठेवली. पोळी वाढली, वरण वाढलं, समोर बसले. यांनी कागद पाहिला. गोठ्यात जायला उठले, तर मी म्हटलं, "आज गाईकडे जाल तं मी माहेरी जाईन."

तेव्हा बसले.

"रविताचं नाव यादीत आलं होतं," म्हणाले. "भरायची तारीख जवळ आली होती. धनेंद्र विकाले तयार नव्हता. म्याच त्याच्या मागं लागलो. त्याच्या हिश्शातलेही त्यानं रविताले दिले."

माझ्या हातातली पळी हातातच राहिली. मला वाटलं होतं तू नागपूरला त्या पैशांवर घर बांधलंस. गावभर मी तेच सांगत फिरले.

"मग नाव त्याचं काऊन घेतलं?"

"तोच म्हने, माह्यावर टाका भाऊ. मी नागपूरलेच राहतो. तुम्ही सांगान तं वहिनी तुम्हाले घरात जगू देनार नाही."

म्हणजे माझ्या तोंडाला भिऊन! दोन पुरुषांनी, त्यातल्या एकाला मी त्याच्या वयाच्या सहाव्या वर्षापासून न्हाऊमाखू घातलं, माझ्या तोंडाला भिऊन हे सगळं रचलं. मला संताप आला आणि लगेच कळलं की हाच तो संताप, ज्याला ते भीत होते. मी गप्प बसले. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, असं गप्प बसणं मला कधी जमलं नव्हतं.

आता ते लिहिते, जे नंतर लिहीन म्हटलं होतं. पहिल्या पत्रात मी "दोन शब्द" असं लिहिलं. दोन शब्द नव्हते. तू रविताच्या ॲडमिशनचे पेढे घेऊन दारात आलास. उन्हातून आला होतास, मी लोटा दिला. दोन घोट घेतलेस तोवर निर्मलाबाईने मला कानात सांगितलं की बांधी विकली गेली. मी तुझ्या तोंडाचा लोटा ओढून घेतला, उरलेलं पाणी तुझ्या पायांवर ओतलं आणि म्हटलं, बापाले विकून आला अन् पाणी कायले मागतो. सगळी गल्ली बघत होती. तू काही बोलला नाहीस. पेढ्यांचा पुडा ओट्यावर ठेवून निघून गेलास. ज्या मुलीसाठी तू जमीन दिलीस, तिच्याच पेढ्यांचा पुडा मी उचलून बाहेर फेकला.

आणि हे आत खाटेवर बसून होते. सगळं ऐकत होते.

"देवाचा काही सवाल नोहोय," काल म्हणाले. "देवाले चैतराम पानी देते, माहीत आहे मले. तुले मी खोटं सांगितलं तिकिटाचं. पन त्या दिवशी माह्या भावाले माह्या दारातून पान्याविना जाऊ देलं, अन् मी उठलो नाही. नवं खाईन तं त्याच्यासंग, नाही तं नाही."

"मग त्याले आनाले काऊन गेले नाही?"

"कोन्त्या तोंडानं जाऊ?" असं म्हणून हा साठ वर्षांचा माणूस ताटावर बसून रडायला लागला. मी याआधी यांना फक्त मामाजी गेले तेव्हा रडताना पाहिलं आहे.

धनेंद्र, मी चुकले. ज्यांनी खोटं सांगितलं ते त्यांचं पाहतील, पण पाणी मी ओतलं. मला माफ कर असं म्हणताना मोठेपणा आड येत नाही, लाज येते. तू उलट का बोलला नाहीस रे? एक शब्द बोलला असतास तर मी तिथेच मेल्याहून मेल्यासारखी झाले असते. तेच तुला नको होतं, हे आता कळतं आहे.

फुलवंता


कामठा
१ डिसेंबर

धनेंद्र,

हे पत्र पोस्टाने पाठवलं नाही. ज्याने तुझ्या हातात दिलं तो माणूस दारात उभा असेल. उभाच असेल, तू बस म्हटल्याशिवाय बसणार नाही.

परवा सोनिकाचा फोन आला होता. बोलली ती इतकंच की शेवटचं पत्र तू दोनदा वाचलंस आणि जेवला नाहीस. मी तिच्याकडून पत्ता नीट विचारून घेतला आणि यांना सांगितलं, "तोंड कोन्तंही असो, तेच घेऊन जा." आता सकाळच्या गाडीत बसवून देते आहे. मीही निघणार होते. साडी बदलून तयार झाले होते. मग विचार केला, मी आले तर हे माझ्या मागे उभे राहतील आणि सगळं मीच बोलेन. आजवर तसंच झालं आहे. म्हणून मी घरीच थांबते आहे. माझी पाळी तू इथे येशील तेव्हा. गल्लीत सगळ्यांसमोर बोलेन, निर्मलाबाईलाही बोलावीन.

गावात मी सांगायला सुरुवात केली आहे. पहिल्या दिवशी तीन घरं झाली. लोक माझ्याकडे बघतच राहतात. फुलवंता टेंभरे स्वतःहून म्हणते की मी चुकले, यावर कोणाचा विश्वास बसत नाही. एकीने तर माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

रविताला अजून सांगितलेलं नाही. सुट्टीत येईल तेव्हा सांगू, की तू सांग. तिला जे वाटायचं ते वाटू दे.

पासाचं काय करायचं ते तुम्ही दोघं ठरवा. मला आता त्यातलं काही कळत नाही. मौजनगरीचे साहेब म्हणाले की फोटोला दोघांना बरोबर यावं लागेल. यायचंच असेल तर त्यासाठी येऊ नको, तुझं घर आहे म्हणून ये.

हे तुझ्याकडे किती बोलतील, मला माहीत नाही. पहाटेपासून एकच वाक्य पाठ करत आहेत आणि दरवेळी वेगळं म्हणत आहेत. घाई करू नको. नाहीच बोलले तर तसंच जेवायला बसव, पण शेजारी तू बस. तीन वर्षं उपाशी आहे हा माणूस, आणि मला वाटतं तूही आहेस.

त्यांच्या हातातल्या पिशवीत पाच किलो तांदूळ आहे, विहिरीजवळच्या बांधीतला. सोनिकाला सांग, नवा आहे, पाणी बेताने घाल.

फुलवंता